एका शब्दासाठी थांबलेलं मशीन

इझाक मार्मान उलटं वाचायचा. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे आरशातल्यासारखे उलटे असतात आणि जुळाऱ्याला ते उजवीकडून डावीकडे, पायाकडून डोक्याकडे वाचता यावे लागतात. चौदाव्या वर्षी छापखान्यात झाडू मारायला आलेला इझाक एका वर्षात ते शिकला. पुढं एकतीस वर्षं क्वेपरफोंटेन गावच्या 'दी क्लोक' या साप्ताहिकाचं पहिलं पान त्याच्याच हातून उठलं. सरळ छापलेला कागद हातात आला की तो म्हणायचा, "आता हे डोळ्यांना उलटं वाटतं."

बारीक मजकूर यंत्रावर ओळीओळीनं ओतला जाई. मथळे मात्र तो हातानं जुळवायचा. एक अक्षर, एक खिळा. घाई करणाऱ्याला तो बाजूला काढी आणि म्हणे, "चुकीचं लवकर करण्यापेक्षा बरोबर उशिरा कर. नाहीतर दोनदा करशील."

हे एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीतलं आहे. आमच्याकडे तेव्हा भर उन्हाळा असतो, हिवाळा जूनमध्ये येतो. गुरुवार होता. त्या दिवशी त्याची एकतीस वर्षं पणाला लागली.

आदल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या फोटोखाली मयताची ओळ छापून आली होती. दोन्ही चिठ्ठ्या संपादकांनी एकाच टाचणीला लावल्या होत्या. पण पान इझाकनं जुळवलं होतं, म्हणून चूक इझाकची ठरली. संपादक म्हणजे वेसेल थेरॉन, जुन्या मालकांचा मुलगा. शहरात इंग्रजी शाळेत शिकलेला, तिशीच्या आतला. गावात सगळे त्याला धाकटे मालक म्हणत. त्यानं सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "पुन्हा एक चूक झाली, तर एप्रन काढायचा आणि घरी जायचं."

त्या गुरुवारी दुपारी पहिल्या पानाचा फर्मा, म्हणजे खिळे बसवलेली लोखंडी चौकट, कसून तयार होता. एवढ्यात वेसेल एक चिठ्ठी घेऊन आला. "हा मथळा वर टाक. मी बोथा यांच्या शेतावर जेवायला जातो. चारला येईन." ऑफिसला कुलूप लावून तो गाडीत बसला. फोन आत राहिला.

चिठ्ठीवर तीन शब्द होते: 'पाद्री मालेर्ब जातात'. इझाकनं खिळे उचलले. हात अक्षरं बघत असतात, अर्थ बघत नाहीत. फर्मा मशीनवर गेला आणि फ्लोर्स काम्मीस या मशीनमॅननं चाक फिरवलं.

तीनशेच्या आसपास कागद पडले, तेव्हा इझाकनं एक उचलला आणि सरळ वाचला. मथळा म्हणत होता, पाद्री जातात. खाली सकाळी ओतलेली बातमी होती. चर्चच्या चिटणिसांनी फोनवर कळवलेलं एकच वाक्य: पाद्री मालेर्ब यांनी 'बेदांक' केलं आहे. त्याखाली धाकट्या मालकांनी आपल्या पदरची एक ओळ टाकली होती: गाव पोरकं होईल.

इझाकनं हात वर केला.

"फ्लोर्स, थांबव."

"काय झालं?"

"थांबव म्हणतो ना!"

मशीन थांबलं. मोजणीचा आकडा तीनशे बारा होता.

'बेदांक' म्हणजे आभार मानणं. आमच्याकडे माणूस नोकरी सोडतो तेव्हाही हाच शब्द वापरतात. वेसेलला तेवढंच ठाऊक. तो चर्चच्या पायऱ्या चढायचा तो फक्त लग्नाला. पण पाद्रीला दुसऱ्या गावच्या मंडळींकडून हाक येते, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ उलटतो. हाक स्वीकारली तर पाद्री गाव सोडतो. हाकेला बेदांक केलं, आभार मानले, म्हणजे नको म्हटलं. पाद्री राहतो. 'हाका' या सदरात कोणाला हाक आली, कोणी स्वीकारली, कोणी आभार मानले, हे इझाक एकतीस वर्षं दर आठवड्याला जुळवत आला होता. ते सदर गोऱ्यांच्या चर्चचं. इझाकचं चर्च नदीपलीकडे होतं. पण त्या चर्चच्या वडीलमंडळींपेक्षाही ते सदर त्याला जास्त पाठ होतं.

मालेर्ब यांना जानेवारीत किनाऱ्यावरच्या एका गावाची हाक आली होती. सगळं गाव उत्तराची वाट बघत होतं.

"म्हणजे ते राहतायत," फ्लोर्स म्हणाला. "मग बदल मथळा."

"आणि खरंच राजीनामा असला तर?"

तीही शक्यता होती. मालेर्ब यांनी नदीपलीकडच्या एका शेतमजुराच्या मयताला जाऊन तिथल्या लोकांचे हात हातात घेतले होते, त्यावरून वडीलमंडळी त्यांच्यावर चिडली होती. वैतागून माणूस नोकरीही सोडू शकतो. शब्द एकच. मथळा तसाच ठेवला आणि चुकला, तर एप्रन उतरणार. मथळा बदलला आणि चुकला, तरी एप्रन उतरणार, वर मालकाचा शब्द मोडला म्हणून बोल लागणार.

"तुला काय पडलंय?" फ्लोर्स म्हणाला. "पाद्री त्यांचा, चर्च त्यांचं. चाक फिरवू दे मला. पाचला रेल्वेची बस पेपर न्यायला येते."

"पाद्री त्यांचा, फर्मा माझा."

इझाकनं हात पुसले. अठराशे कागद छापायला पावणेदोन तास, घड्या घालायला पाऊण तास. घड्याळात दोनला दहा मिनिटं कमी होती. म्हणजे अडीचच्या आत मशीन सुरू व्हायला हवं.

"मी येईपर्यंत चाकाला हात लावू नकोस."

"आणि धाकटे मालक लवकर आले तर?"

"सांग, रूळ साफ करतोय. आणि कर साफ, शाईनं बरेच माखलेत."

पाद्री कुठल्याशा शेतावर आजाऱ्याला भेटायला गेले होते, ते गावाला माहीत होतं. ते घरी असते तरी इझाक गोऱ्या पाद्रींच्या घराच्या पुढच्या दारावर जाऊ शकत नव्हता. तो मागच्या दारानं गेला. स्वयंपाकघरात त्याची चुलतबहीण द्रीका होती. अठरा वर्षं त्या घरात स्वयंपाक करत होती. टेबलावर पिवळ्या पीचचा ढीग होता आणि ती सुरीनं साली काढत होती.

"इझाकदादा? गुरुवारी? कोण मेलं?"

"अजून कोणी नाही. द्रीका, एकच सांग. पाद्री जातायत का राहतायत?"

सुरी थांबली. "या घरातलं मी बाहेर बोलत नाही. बोलले असते तर अठरा वर्षं टिकले असते का?"

"माझी नोकरी आहे गं यावर."

"आणि माझी नाही?" तिनं पुन्हा सुरी चालवली. "एवढ्यासाठी पळत आलास? घामानं भिजलायस. म्हातारा झालास, दादा."

"द्रीका."

"माझ्याकडं वेळ नाही. बाईसाहेबांनी आज सकाळी साखरेचं अख्खं पोतं आणवलं. चाळीस बरण्या भरायच्यात. हिवाळ्याला पुरायला पाहिजेत म्हणाल्या."

"कुठल्या हिवाळ्याला?"

"या वर्षीच्या. अजून कुठल्या?"

"याच घरातल्या?"

"मी घराचं काही बोलले नाही," द्रीका म्हणाली. "मी पीचचं बोलले. आता सरक. दारात उभा राहिलास की माश्या आत येतात."

घर हलवणारी बाई चाळीस काचेच्या बरण्या भरत नाही. इझाक पळत परतला. शेहेचाळिसाव्या वर्षी, भर उन्हात, एप्रनसकट. लोक वळून बघत होते.

सव्वादोन वाजता त्यानं फर्म्याचे ठोकळे सैल केले. फ्लोर्सनं दिवा खाली धरला. आमच्या क्वेपरफोंटेनच्या भाषेत 'जातात'ला चार अक्षरं लागतात, 'राहतात'ला तीन. चार खिळे काढले, तीन घातले. उरलेल्या जागेत दोन्ही बाजूंनी सारखे कोरे ठोकळे. एका बाजूलाच सारले असते तर वेळ वाचला असता, पण मथळा कलला असता. 'गाव पोरकं होईल' ही ओळ चिमट्यानं उचलली आणि तिच्या जागी कोऱ्या पट्ट्या बसवल्या. किल्ली फिरवली, फर्मा उचलून हलवून बघितला. एकही खिळा सुटला नाही.

"सोड," तो म्हणाला. दोन एकोणतीस झाले होते.

ते तीनशे बारा कागद इझाकनं मागच्या अंगणातल्या पिंपात जाळले. टाकण्याआधी मोजले. एक कमी भरला. पुन्हा मोजले. तो एक त्याच्याच एप्रनच्या खिशात निघाला, घडी घातलेला. तोही जाळला.

चारला वेसेल आला. घड्या घालायच्या टेबलावरून त्यानं एक पेपर उचलला. त्याची मान लाल झाली.

"मथळा कोणी बदलला?"

फ्लोर्सनं मशीनकडं तोंड फिरवलं.

"मी," इझाक म्हणाला.

"कोणाच्या हुकमानं?"

"तुमच्याच कागदाच्या, धाकटे मालक. तुम्ही बेदांक लिहिलंत. हाकेला बेदांक म्हणजे नकार. ते राहतायत."

"बेदांक म्हणजे राजीनामा. पोरालाही कळतं!"

"नोकरीत राजीनामा. हाकेला नकार."

"आणि तुला कोणी सांगितलं हाकेचंच उत्तर आहे म्हणून?"

इझाकच्या डोळ्यांपुढं पीचचा ढीग आला. द्रीकाचं नाव घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत ती रस्त्यावर आली असती.

"कोणी नाही," तो म्हणाला. "चुकलो असेन तर हा एप्रन."

त्यानं मागची गाठ सोडली. एप्रन घडी करून टेबलावर ठेवला.

वेसेल ऑफिसात शिरला. दार आपटलं. काचेतून दिसत होतं: त्यानं फोन उचलला, नंबर मागितला, वाट बघितली. मग बोलला. मग नुसतं ऐकत राहिला. इझाकला आवाज येत नव्हता. त्यानं एप्रनशिवाय कागदाच्या घड्या घालायला घेतल्या, कारण बस पाचला येणार होती आणि घड्या अर्ध्याच झाल्या होत्या. फ्लोर्स हळूच म्हणाला, "घरी जाणारा माणूस घड्या घालत नसतो."

"अर्धं काम टाकून जाणारा मी नाही."

वेसेल बाहेर आला. कोणाकडं न बघता टेबलाशी उभा राहिला. कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि इझाकच्या शेजारी घड्या घालू लागला. त्याच्या घड्या वाकड्या पडत होत्या. इझाक त्या पुन्हा सरळ करत होता. पाचला तीन मिनिटं असताना शेवटचा गठ्ठा बांधला आणि बस आली.

बस गेल्यावर वेसेलनं एप्रन उचलला, इझाकच्या हातात दिला आणि आत गेला. इझाकनं गाठ मारली आणि शाईची भांडी धुवायला घेतली.

सोमवारी टाचणीवर चर्चचा नवा मजकूर लागला: कोणाला हाक आली, कोणी स्वीकारली, कोणी आभार मानले. कागदाच्या कोपऱ्यात धाकट्या मालकांच्या अक्षरात पेन्सिलनं दोन शब्द होते: 'इझाक, वाच.'

इझाकनं तो मजकूर दोनदा वाचला आणि जुळवला. कोपऱ्यातले दोन शब्द सोडून.