आदी घर, मंग गाव

शकूआत्या माइकपुढे उभी राहिली, की मी आधी तिच्या पायांकडे बघायचो. ग्रामपंचायतीच्या कचेरीसमोरच माझं झेरॉक्सचं दुकान. कचेरीचं दार दिवसभर उघडं आणि दारासमोरच टेबलावर माइक, त्यामुळे गल्ल्यावर बसल्या बसल्या मला सगळं दिसायचं. पाण्याची वेळ बदलली, रेशनचा तांदूळ आला, गुरांना लस टोचायला डॉक्टर आले, असलं काही सांगायचं असेल तर आत्याच्या पायांत चपला असायच्या. कुणी गेल्याचं सांगायचं असेल तर ती चपला काढून भिंतीकडेला ठेवायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि मगच बटण दाबायची. छतावरचा भोंगा खरखरायच्या आधीच मला कळायचं, की आज गावातलं कुणीतरी कमी झालं. समोर गिऱ्हाईक असलं तरी माझा हात मशीनवर थांबायचा.

आत्या ग्रामपंचायतीची शिपाई. कचेरी झाडणं, पाणीपट्टीची बिलं घरोघर देणं, फळ्यावर सूचना लिहिणं आणि माइकवरून त्या सांगणं, सगळं तिच्याकडे. नवरा गेल्यावर लहानग्या मुलाला, विशालला घेऊन ती घोडेगावच्या सासरहून माहेरी आली, ती इथलीच झाली. माहेरवाशीण म्हणून सगळ्या गावाची आत्या. आमचं गाव डिंगोऱ्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. निम्मी घरं उसाकांद्याच्या रानात विखुरलेली. तिथपर्यंत सरकार कधी पोचलं असेल नसेल, आत्याचा आवाज मात्र पोचायचा.

ग्रामसेवक तिला कागदावर लिहून द्यायचे, 'सर्व ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की'. आत्या कागद हातात धरायची आणि स्वतःचंच बोलायची. "ऐका. उंद्या पाणी सकाळी न्हाई, दुपारी सुटंल. हंडं भरून ठेवा. आन् वरच्या आळीनं नळाला तोट्या बसवा, रस्त्यावर निसता चिखूल झालाय." एकदा ग्रामसेवक वैतागून म्हणाले, "मावशी, लिहिलंय तेवढंच वाचत जा." आत्या म्हणाली, "सायेब, आळीचं नाव घेतल्याबिगर तोटी बसत न्हाई." वरच्या आळीत आमचंही घर आहे. त्याच संध्याकाळी माझे वडील तोटी विकत घेऊन आले, चेहरा असा पाडून, की जणू ती त्यांच्याच नाकाला बसवायची होती.

बिबट्याच्या बाबतीत ती फार कडक. पोरं मोबाइलवर कुठलातरी फोटो घेऊन धावत यायची, "आत्या, पुकार ना!" आत्या फोटो लांब धरून बघायची. "ह्यो कुणाच्या बांधावर बसलाय ते सांग आदी." पोराला सांगता यायचं नाही. मग आत्या स्वतः काठी घेऊन रानात जायची, ओल्या मातीत ठसे दिसले तरच परत येऊन माइक लावायची. "वड्याच्या कडंच्या उसात बिबट्या फिरतोय. पोरं अंगणात एकटी सोडू नका. बायांनो, वाकून काम करताना एकीनं उभं ऱ्हावा, पाळीपाळीनं." मग बाया खरोखर पाळी लावायच्या.

पण तिचा खरा नेम होता तो मयताच्या सूचनेचा. कुणी कितीही घाईने निरोप आणला, तरी ती आधी त्या घरी जायची. आत, बायांमध्ये बसायची. मग हळूच विचारायची, "लांबचं कोण ऱ्हायलंय? लेकीला कळलं का?" लेक वाटेत असेल, मुलगा एसटीत असेल, तर आत्या कचेरीत येऊन नुसती बसून राहायची. एकदा गावातले एक मोठे बागायतदार गेले आणि त्यांची मुलगी पुण्याहून निघाली होती. सरपंच घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. "आत्या, लोकं जमायची कशी? पुकारून टाक." आत्या जागची हलली नाही. "पोरगी येशीत उतरंल तवा भोंगा तिच्या कानावर पडला तर? आदी घर, मंग गाव." हे तिचं ठरलेलं वाक्य. मुलगी आली, उंबरा ओलांडून आत गेली, आतून हंबरडा ऐकू आला, तेव्हा कुठे आत्याने चपला काढल्या.

हा नेम तिच्यात कुठून आला ते तिने मला एकदा चहा पिता पिता सांगितलं. तिची आई आजारी होती तेव्हा ती सासरहून भेटायला निघाली. आईला दात नव्हते, म्हणून पिशवीत चहात बुडवून खायला खारी घेतली होती. फाट्यावर उतरली तर पानटपरीवाला म्हणाला, "लवकर जा बाई, तुमच्यासाठीच थांबवलंय." आत्या म्हणाली, "लई भला माणूस व्हता रं. वाईट मनानं न्हाई बोलला. पर फाट्यापासनं घरापत्तूर मी एकलीच रडत गेले. दादांच्या तोंडनं ऐकलं आसतं तर धराया तरी कुणी व्हतं." दादा म्हणजे तिचे वडील. ती खारी पुढे कुणी खाल्ली, ते तिला कधी आठवलं नाही.

ह्या कामाला आणखी एक जुना ठणका होता. पूर्वी गावात कुणी मेलं, की सोयऱ्यांना सांगावा द्यायला आत्याच्या आजोबांना पिटाळायचे. ऊन असो, पाऊस असो, धावत जायचं आणि अंगणाबाहेर उभं राहून सांगायचं. पिटाळणाऱ्यांत माझेही आजे-पणजे असणार. धम्मदीक्षा घेतली तेव्हा तिच्या वस्तीने हे काम टाकून दिलं. म्हणून आत्याने माइकवरून पहिली मयताची सूचना दिली, तेव्हा दादा तिच्याशी बोलेनात. "आमी टाकलं ते तू उचाललंस," म्हणाले. आत्या म्हणाली, "आज्याला हुकूम व्हता, दादा. मला कुणाचा हुकूम न्हाई. मी म्हणंन तवा गावाला कळंल." म्हाताऱ्याला ते पटायला बराच काळ गेला. पण पुढे भोंगा सुरू झाला, की तो ओट्यावर ताठ बसून ऐकायचा.

मग गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. पाणी, वीज, ग्रामसभा, कांद्याचा भाव, सगळं त्यावर यायला लागलं, आणि मयतंसुद्धा. माणसाचं अंग गार व्हायच्या आधी त्याचा फोटो फुलांच्या चौकटीत बसून ग्रुपवर हजर, खाली हात जोडल्याच्या रांगा. पहिला मान कोण पटकावतो ह्याची जणू चढाओढ. आत्या सरपंचांकडे गेली. "तेवढं मयताचं आदी घरच्यांना इचारून टाका, म्हून सांगा." सरपंच हसले. "आत्या, आता जग फास्ट झालंय." आत्या माझ्या दुकानात येऊन चिडून बसली. "मरणाला कसली रं घाई? मेलेलं माणूस काय पळून चाललंय?"

तिलाही स्मार्टफोन होता, विशालने घेऊन दिलेला. विशाल पिकअप चालवायचा, नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून घाट उतरून कल्याणला न्यायचा. गाडी घेतली तेव्हा त्याने मागच्या फाळक्यावर मोठ्या अक्षरांत आईचं नाव रंगवून घेतलं, 'शकुंतला'. आत्याने वरवर कटकट केली. "माजं नाव रस्त्याच्या धुरळ्यात कशाला घालतू?" पण गाडी कचेरीवरून गेली, की झाडू हातात धरून ती फाळका दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची. सून रेश्मा तिला एकदा माझ्यादेखत म्हणाली, "आई, गाडीला दृष्ट लावशीला." तर आत्या लाजली.

त्या दिवशी मी गल्ल्यावर होतो. फोन वाजला. ग्रुपवर फोटो होता. घाटात कलंडलेली एक पिकअप, रस्ताभर टोमॅटो, आणि वर आलेल्या फाळक्यावर ते नाव. फोटो टाकला होता संतोषने. तोही गावचाच, मागून स्वतःचा टेम्पो घेऊन येत होता. खाली त्याने लिहिलं होतं, 'विशालची गाडी. विशाल गेला. कुणीतरी लवकर या.' घाटात त्याचा कुणालाच फोन लागत नव्हता, निरोप तेवढा जात होता, म्हणून सुचलं ते त्याने केलं. त्याचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण मी तो फोटो पुरता बघतो न बघतो, तोच खाली हात जोडलेले उमटायला लागले. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली.

मी समोर बघितलं. आत्या माइकपुढे उभी होती. पायांत चपला. अंगणवाडीतल्या डोसाचं सांगत होती. तिचा फोन माइकशेजारी चार्जिंगला लावलेला, आणि एकामागून एक वाजत होता. मी धावलो. मधे रस्ताच काय तो, पण मला तो ओलांडवेना. मी दारात पोचलो तेव्हा तिची नजर फोनवर गेलेली होती. भोंगा चालू होता. सगळ्या गावाला तिचं थांबणं ऐकू गेलं. मग ती पुन्हा बोलली, नेहमीच्याच आवाजात. "सोमवारी सकाळी. लेकरांना घिऊन या. कार्ड इसरू नका." तिने बटण बंद केलं. आणि डावा पाय उजव्याला घासून एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि नीट भिंतीकडेला ठेवली.

मला रडू फुटलं. ती रडली नाही. माझा दंड धरून म्हणाली, "रेश्माला कुणी बोललं का?" रेश्मा पलीकडच्या मळ्यात कांदा काढायला गेली होती, आणि फोन घरी ठेवून जायची. "मंग कुणी सांगू नका. मी सांगते. तिच्या कानावर भाईरून न्हाई पडायचं." ती तशीच अनवाणी निघाली. तापलेला रस्ता, मग बांध, मग ढेकळं. मी चपला घेऊन मागून चाललो होतो, पण तिला हाक मारायचं धैर्य झालं नाही. मळ्यातल्या बाया आम्हाला बघून सरळ उभ्या राहिल्या. रेश्मा तेवढी वाकलेली होती. तिने मान वर केली, हसून काहीतरी म्हणणार होती, आणि तिची नजर खाली गेली, आत्याच्या उघड्या पायांवर. ते पाय कधी उघडे असतात, हे तिला गावातल्या कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. आत्याला तोंडाने काही सांगावंच लागलं नाही. तिने फक्त सुनेला धरलं, आणि दोघी त्या उपटलेल्या कांद्यात बसल्या. मग मात्र आत्या रडली. तसं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही आणि ऐकायचंही नाही.

विशालचा जलदानविधी झाला आणि संतोष तिच्या पायांवर डोकं ठेवायला आला. मी तिथेच होतो. आत्याने त्याला उठवलं. "तू त्याला भाईर काढलंस म्हणं?"

"व्हय, आत्या."

"काय बोलला?"

"पाणी मागितलं. घोटभर प्याला. मंग तुमचं नाव घेतलं."

"मंग हे यिऊन सांगायचं रं मला," ती म्हणाली. "हे ऐकाया मी कितीबी थांबले आसते." संतोष लहान मुलासारखा रडला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

बऱ्याच दिवसांनी आत्या पुन्हा कामावर आली. पाण्याच्या सूचना पुन्हा सुरू झाल्या, माइकवर आणि आता ग्रुपवरही, पण वरच्या आळीला टोमणे बंद. तोट्या उघड्या राहायला लागल्या. तिने आम्हाला एकदा तरी शिव्या घालाव्यात असं मला फार वाटायचं. रेश्माने चाकणला कंपनीत नोकरी धरली. घरात त्या दोघीच. संध्याकाळी कंपनीची बस फाट्यावर यायच्या वेळेला आत्या तिथे जाऊन उभी असायची.

गेल्या उन्हाळ्यात आत्या गेली. दुपारी कचेरी झाडून घरी गेली, छातीत कळ आली म्हणाली, आणि शेजारणीने पाणी आणेपर्यंत संपलं होतं. रेश्मा कंपनीत होती. संतोषने कुणाला न विचारता टेम्पो काढला आणि चाकणची वाट धरली.

बातमी तोंडोतोंडी गावभर झाली. मी दुकानात फोन हातात धरून बसलो होतो. ग्रुपवरचा शेवटचा निरोप सकाळचा, आत्याचाच, उद्याच्या पाण्याचा. त्याखाली काहीच नाही. दुपार कलली तरी नाही. कुणी कुणाला बजावलं नव्हतं. वस्तीत माणसं उन्हात उभी होती, वरच्या आळीचीसुद्धा, माझे वडीलसुद्धा. सरपंच एका बाजूला फोन खिशात घालून मान खाली घालून उभे. संतोषचा टेम्पो आला, रेश्मा उतरली, आणि माणसांनी वाट दिली. दारात शेजारीण होती, तिने तिला कवेत घेतलं आणि आत नेलं.

मग मी कचेरीत गेलो. चपला काढल्या, भिंतीकडेला ठेवल्या. बटण दाबलं. गावाला नुसता माझा श्वास ऐकू गेला असेल. शेवटी एवढंच म्हणालो, "ऐका. आपली शकूआत्या गेली."

पुढे रेश्मा काही कागद काढायला दुकानात आली. कागद घेतले तरी जाईना. मग म्हणाली, "भाऊ, संतोषभाऊ वाटंत कायबी बोलले न्हाईत. मी सारखी ग्रुप बघत व्हते. त्यावर काय न्हवतं. म्हून वाटलं, आई हायती अजून. चाकणपासनं दारापत्तूर त्या माझ्यासाठी व्हत्या."

तिने डोळे पुसले आणि रस्ता ओलांडून गेली. मी मशीन बंद केलं आणि समोरच्या कचेरीच्या भिंतीकडे, आत्या चपला काढून ठेवायची त्या जागेकडे बघत बसलो.