चिलखताच्या आतली बंडी

दुबई सोडून वर्षं झाली, पण अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगखालचे टेलरमास्टर अजून आठवतात. लोखंडी स्टुलावर जाड उशी टाकून दिवसभर शिवत बसायचे, शिवण संपली की म्हणायचे, "खलास!"

मंडळाच्या नाटकासाठी मी कीचेनच्या कड्या गुंफून लेकासाठी चिलखत केलं. घालताच तो कळवळला, "मम्मा, इट हर्ट्स!"

तसंच त्याला खाली नेलं. मास्टरांनी कड्या चाचपल्या. "भाभी, अंदर क्या पहनेगा? लढनेवाले अंदर रुईवाली बंडी पहनते थे."

हे मला सुचलंच नव्हतं. प्रयोग संध्याकाळी होता. त्याआधी त्यांनी कापूस भरलेली बंडी शिवून दिली, आणि लेक मजेत लढला.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला गेले, तर मास्टर नुसत्या लोखंडावर बसलेले.

"मास्टर, उशी?"

"खलास," म्हणत त्यांनी मशीन सुरू केलं.