आंब्यांच्या आढीपायी शिकलेलं इंग्रजी

मला इंग्रजी येतं, पण फक्त झोपेचं आणि व्यायामाचं. बाजारात नारळ मागायची वेळ आली तर मी मुकी. पण रात्री झोप कशी लागली, सकाळी फिरायला जाता का, असं कुणा साहेबानं विचारलं असतं तर मी त्याला पुरून उरले असते. साहेब काही रत्नागिरीला आमच्या ओटीवर आला नाही. विचारलं ते आमच्या ह्यांनीच.

लग्न होऊन दुसरं वर्ष चाललं होतं. हे मुंबईला एका कचेरीत कारकून. मे महिन्यात रजा काढून यायचे आणि पावसाळ्याला बोटी बंद व्हायच्या आत शेवटची बोट धरून परत जायचे. हे यायचे तेव्हाच माहेरवाशिणी आणि त्यांची पोरं यांनी घर भरलेलं. आणि आमची खोली? तिच्यात आंब्यांची आढी. पेंढ्यावर हापूस ओळीनं निजवलेले, वर पुन्हा पेंढा, दार ओढून घेतलेलं. पुरुष अंगणात झोपायचे, आम्ही बायका माजघरात. दिवसा वडील माणसांदेखत नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. म्हणजे त्या घरात एकांत मिळाला तो आंब्यांना.

बरं, मला विचारायचं होतं ते एवढंच. ह्यांनी गिरगावात खोली पाहिलीय, असं वन्संच्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं होतं. मग मला नेणार की नाही? की हे एकटेच बोटीत बसणार आणि मी पुन्हा वर्षभर इथं? विचारू कुणाला आणि कुठं?

तेवढ्यात मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, हुकूम काढला. गावातल्या एका वकिलाची सून इंग्रजी बोलते म्हणे. वकिलाची बोलते, मग आमची का नाही? "रोज चहा झाला की ओटीवर बसायचं आणि हिला इंग्रजी संभाषण शिकवायचं," त्यांनी ह्यांना सांगितलं. स्वतः झोपाळ्यावर बसून ऐकणार. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण चांगलं कुठलं ते कळतं, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे बघा, नवऱ्याशी मराठीत बोलले तर मी निर्लज्ज, आणि इंग्रजीत बोलले तर हुशार.

इंग्रजी संभाषणाचं एक जुनं पुस्तक घरात माळ्यावर पडलेलं. पुढची पानं वाळवीनं खाल्ली, मागचीही खाल्ली. नमस्कार-चमत्कार गेले, बाजारहाट गेला, मध्ये झोप आणि व्यायाम हा एकच धडा शाबूत. हे वाचायचे, मी ऐकून पाठ करायची. ढीगभर ओव्या पाठ असलेल्या बाईला चार इंग्रजी वाक्यांचं काय ओझं?

"डिड यू स्लीप वेल?" हे विचारायचे. झोप चांगली लागली का?

"येस, थँक यू, व्हेरी वेल," मी जमिनीकडे बघत सांगायची. माजघरात दोन्ही कुशींना वन्संची पोरं आणि उशाशी त्यांचं रडं, पण पुस्तकात व्हेरी वेल होतं.

"डू यू टेक एक्झरसाइज?" व्यायाम करता का?

"येस. आय वॉक एव्हरी मॉर्निंग."

"काय म्हणाली?" मामंजी विचारायचे.

"रोज सकाळी फिरायला जाते म्हणते."

"जाऊ दे की. इंग्रजीत हरकत नाही."

माझं फिरणं कुठलं, तर विहीर ते न्हाणी. पाणी शेंदायचं, कळशा वाहायच्या, मग उखळात भात सडायला बसायचं. पुस्तकातल्या बाईला व्यायाम मुद्दाम करावा लागत होता, एवढाच काय तो फरक.

एक दिवस मी धीर केला. झोपेचं विचारल्यावर म्हटलं, "नो. आय डू नॉट स्लीप वेल. आय थिंक टू मच." धड्यात हे आजारी माणसाचं बोलणं होतं. हे चपापले. त्यावर पुस्तकातला डॉक्टर चेंज ऑफ एअर, म्हणजे हवापालट करायला सांगतो. ते वाक्य ह्यांनी अगदी हळू म्हटलं आणि पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मुंबईची माणसं हवापालटाला कोकणात येतात, आणि मला रत्नागिरीची हवा सोडून गिरगावची हवी होती.

"व्हेन?" मी विचारलं. कधी?

ह्यांनी झोपाळ्याकडे पाहिलं, घसा खाकरला, पान उलटलं. "यू मस्ट टेक मोअर एक्झरसाइज."

पुढं रोज हेच. मी विचारायची कधी, हे सांगायचे व्यायाम वाढवा. आढीतले आंबे सरत आले. ह्यांची ट्रंक माळ्यावरून खाली आली, आणि तिच्यात फक्त ह्यांचेच कपडे. त्या दिवशी धडा सुरू झाला, तो मी प्रश्नाची वाटच बघितली नाही.

"यू स्लीप टू मच," मी म्हटलं. तुम्ही फार झोपता. पुस्तकात ते आळशी मुलाला म्हटलेलं होतं.

"काय म्हणाली?"

"लवकर उठावं म्हणते," हे म्हणाले.

"उत्तम विचार."

सासूबाई माजघराच्या दारात हाताला तेल लावून फणसाचे गरे काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लवकर उठावं नाही म्हणाली ती. अरे, बोट जायला आली. हिला नेणार आहेस की नाही ते सांग. इतके दिवस तेच तर विचारत्येय."

मामंजींनी झोपाळा थांबवला. "तुला गो कधीपासून इंग्रजी कळायला लागलं?"

"इंग्रजी कशाला हवंय? तोंड दिसतंय तिचं. तुम्ही नोकरीपायी गावोगाव, आणि मी इथं. माझ्या वेळी पुस्तक नव्हतं, एवढंच."

मामंजी ह्यांच्याकडे वळले. "खोली घेतलीयस?"

हे इतके घाबरले की म्हणाले, "येस, थँक यू."

"मराठीत बोल, मेल्या."

"घेतलीय."

मामंजींनी झोपाळ्याला पुन्हा झोका दिला. मग म्हणाले, "पण हिचं इंग्रजी अर्धवट राहील."

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "इंग्रजीत हरकत नव्हती ना जायला? मग मराठीतही नसू दे."

शेवटच्या बोटीनं मी गेले. चाळ आपल्याकडच्याच माणसांनी भरलेली, इंग्रजी लागलंच नाही कधी. खोली अगदी वरच्या मजल्यावर आणि पाण्याचा नळ खाली. पहिल्या सकाळी आम्ही समोरासमोर बसलो. ऐकायला कुणी नाही, मराठीत वाटेल ते बोलायची मुभा, आणि दोघांनाही काही सुचेना. शेवटी ह्यांनी झोप कशी लागली ते विचारलं, इंग्रजीतच.

मी म्हटलं, "थांबा हो, नळ जाईल. आधी पाणी भरून आणते."