बर्फातली बाई

दोहातल्या संग्रहालयात एका सोव्हिएत चित्रकाराच्या लिथोग्राफपुढे मी थबकले. बर्फात उभी राहून, डोळ्यांवर आडवा हात धरून लांब बघणारी बाई. अगं, ही तर आमची!

पूर्वी आम्ही दोहाजवळच्या मेसईद या कारखान्यांच्या गावी राहायचो, तिथल्या कंपनी क्वार्टरमध्ये आधीच्या रशियन कुटुंबाने याच चित्राची एक प्रत भिंतीवर सोडली होती. बाई काय बघतेय ते कळायचं नाही, कारण उजवी कड फ्रेमच्या जाड पट्टीखाली गेलेली.

एका संध्याकाळी नवऱ्याच्या प्लांटची बस वेळेवर आलीच नाही. बाहेर ऑगस्टची भट्टी, आत एसीची घरघर, आणि मी खिडकीत डोळ्यांवर हात धरून उभी. चार वर्षांचा निनाद मागून म्हणाला, "आई, तू ती बाई झालीस?"

"हो. तीपण बाबांची वाट बघतेय."

"नो! तिची कॅट पळालीय."

तेवढ्यात बस आली आणि वाद तिथेच राहिला.

आज मात्र अख्खं चित्र समोर होतं. उजव्या कडेला पंख पसरून एक कोंबडी सुसाट पळत होती. इतकी वर्षं मी त्या बाईला उगाच माझी काळजी चिकटवली होती!

मी मोबाइलवर फोटो काढला. टोरांटोतल्या निनादला पाठवताना मात्र उजवी कड कापली. त्याची मांजर पळू दे अजून.