चातुर्मासातला राज्यत्याग

मी निवृत्त झाल्यावर मुलाने आपला जुना संगणक आमच्या अड्याळच्या घरी आणून ठेवला आणि त्यातील एका खेळाने मला राजा केले. या खेळात पाळीपाळीने चाल करायची असते. आपण विचार करत बसलो, तर शत्रूही सौजन्याने थांबून राहतो. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या माणसाला अशी सभ्यता अन्यत्र कुठे मिळणार? प्रत्येक नगराभोवतीची शेते, तलाव, देवालये मी स्वहस्ते मांडत असे.

ही आसक्ती वाढत असल्याचे ध्यानात येताच यंदाच्या चातुर्मासात राज्यकारभाराचा त्याग करण्याचा संकल्प मी केला. खेळात एक स्वयंचलित कारभारी आहे. त्याच्यावर नगर सोपवले की शेती, बांधकाम, सैन्य तोच पाहतो. त्याला ‘धर्म प्रथम’ एवढी आज्ञा देऊन मी विरक्त झालो. रोज पूजा आटोपल्यावर केवळ ‘पुढची खेळी’ हे बटण दाबायचे आणि साक्षीभावाने पाहत राहायचे.

“अवो, वांगं सोडलं न् रस्सा ओरपून राहिले तुमी,” पत्नी म्हणाली.

मी तिला कर्म आणि अकर्म यांतील भेद समजावू लागलो. ती तांदूळ निवडत राहिली.

कारभाऱ्याने एकामागून एक देवालये उभारली. मी प्रसन्न होतो. मग एके सकाळी शत्रूचे घोडदळ माझ्या राजधानीच्या वेशीशी येऊन ठाकले. नगरात सैनिक नव्हते आणि कारभारी आणखी एका देवळाचा पाया खणत होता.

“तू एवढी आज्ञा बदल,” मी पत्नीला विनवले. “व्रत माझे आहे, तुझे नाही.”

“मले कायले पापात ओढता? राजे तं तुमी.”

अखेर मला आपद्धर्म आठवला. संकटकाळी नियम शिथिल होतात, हा शास्त्राधार मीच दिला, मीच मान्य केला आणि कारभाऱ्याला पदच्युत करून, देऊळ थांबवून धनुर्धर उभे केले. बटण दाबले. घोडदळ वेशीवरून सरळ पुढे निघून गेले. त्याला शेजारच्या राज्यावर चालून जायचे होते.

व्रत मात्र मोडले होते. प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी उपवास करण्याचे मी गंभीरपणे जाहीर केले.

“उपास तुमचा, न् भगर मी शिजवू?”

भगर मीच शिजवली. ती बुडाला लागली. नैवेद्यासाठी वरची पांढरी तेवढी अलगद काढली आणि उरलेली खरवडून खाल्ली.