एक नंबर मोठी कॅप

आमच्या डॉक्टरबाई शाळकरी मुलांच्या किडलेल्या दाढा वाचवतात. मी चौदा वर्षं त्यांच्या खुर्चीशेजारी उभी आहे. लाळ ओढणारी नळी धरायची, सिमेंट कालवायचं आणि पालकांना फोन करायचे, ही माझी कामं. दवाखाना दोन खोल्यांचा, खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. खालून हातोडीचे ठोके ऐकून मुलं जिन्यातच अर्धमेली होतात. पण बाईंचा हात इतका हलका, की सुई कधी टोचली हे पोरांना कळतही नाही. एवढ्याशा कामात तासन्तास डोकं घालून बसायची त्यांना सवय. मी वैतागते, माझे पाय दुखतात, पण त्यांना ते सांगून उपयोग नसतो.

हात हलका आहे तिथंच सगळं बिनसतं, असं माझं मत. सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ येते, ती कायमची. बिचारी गुपचूप येते, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. पडेल, नवी येईल, म्हणून खुशाल किडू देतात. पोर जेवेनासं झालं की उचलून आमच्याकडे आणतात. बाई आतली नस काढतात, मुळं भरतात आणि दुखणं थांबतं. मग उरते ती नुसती पोकळ भिंत. तिच्यावर कॅप बसली नाही, तर कधीतरी एक कडक घास येतो आणि ती उभी चिरते. आम्ही दाताच्या कण्या करून हे सांगतो, पण दुखणं थांबलेला माणूस परत कशाला येतोय? एका ओळखीच्या डॉक्टरांनी बाईंना गमतीनं सुचवलं होतं, थोडं दुखणं शिल्लक ठेवत जा. बाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

शेवटी त्यांनी एक नियम केला. मुळं भरली की त्याच बैठकीत स्टीलची तयार कॅप बसवून टाकायची, मग पोर परत येवो न येवो. या कॅप डब्यात लहान मापापासून मोठ्यापर्यंत नंबरवार असतात. मोठेपणी हवी तर चांगली पांढरी करून घ्यावी, तोवर दाढ शाबूत राहते. नियम झाल्यापासून आमच्या कितीतरी दाढा वाचल्या.

मग एक पोरगी आली, बारा वर्षांची. आई नव्हती, वडील ट्रकवर, घरी आत्या. दाढेची पार चाळण झालेली, दुसऱ्या दवाखान्यात काढून टाका म्हणाले होते. बाईंनी तीन बैठकांत मुळं भरली. कॅपची वेळ आली तेव्हा चार नंबर संपला होता. पाच नंबर बसत होता, पण जरा सैल. मी म्हटलं, पकडीनं कडा आवळा आणि बसवा. एरवी त्यांनीही तेच केलं असतं. पण ती दाढ वाचवायला एवढा जीव काढला होता, की बाईंनी नाक मुरडलं.

"सैल कॅप म्हणजे किडीला घर बांधून देणं," त्या म्हणाल्या. "हिला ही दाढ पन्नास वर्षं वापरायचीय."

मग माप घेतलं, तात्पुरतं सिमेंट भरलं आणि खास तिच्यासाठी कॅप ओतून घ्यायला ते माप लॅबमध्ये पाठवलं. नियम मोडला तो तेवढा एकदाच, आणि तोही काम आणखी चांगलं व्हावं म्हणून.

नवव्या दिवशी कॅप आली. मी आत्याला फोन केला. ती म्हणाली, आता तिला दुखत नाही हो, शाळा बुडवून कशाला आणू? दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्यांदा वडिलांना गाठलं. ते गाडी चालवत होते, बघतो म्हणाले. मी वहीत 'कळवलं' असं लिहून टाकलं. तीनदा फोन झाला की तसंच लिहायचं, ही आमची पद्धत. कोणाला कळवलं, असा रकाना वहीत नाही.

आठ महिन्यांनी आत्या तिला घेऊन आली. बाईंनी दिवा ओढून आत बघितलं आणि बारीक सळई लावली. दाढेचे दोन अर्धे वेगवेगळे हलले. एक्स-रेत चीर थेट मुळांपर्यंत गेलेली दिसली. बाईंनी मला दुसरा काढायला लावला, त्यातही तेच दिसलं. त्यांनी भोवती पट्टी आवळून बघितली, पट्टी सोडली की अर्धे पुन्हा वेगळे. पाऊण तास बाई त्या दाढेशी झटत होत्या, आणि काही होणार नाही हे आम्हा दोघींनाही पहिल्या एक्स-रेलाच कळलं होतं.

"काढावी लागेल," त्या अखेर म्हणाल्या.

आत्या माझ्यावर घसरली. एवढं महत्त्वाचं होतं तर जोर देऊन सांगायचं ना, म्हणाली. तीनदा फोन केला होता, असं माझ्या अगदी ओठावर आलं. तेवढ्यात पोरगीच बोलली.

"तुम्ही म्हणाला होतात, कॅप आली की फोन करू. तोपर्यंत या बाजूनं चावायचं नाही. मी नाही चावलं. परवा एकदाच विसरले."

आत्याची मान खाली गेली. तिनं पोरीला फोनबद्दल सांगितलंच नव्हतं. आणि मी तीन फोनांत एकदाही, जरा तिच्याकडे द्या, असं म्हटलं नव्हतं. आठ महिने ती एका बाजूनं जेवत होती, आमच्या फोनची वाट बघत.

बाईंनी तोंडावरचा मास्क काढला. "तुझं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या.

"मग माझी दाढ का काढताय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी आत्याकडे. पोरीनं स्वतःच मान मागे टेकवून तोंड उघडलं.