मंगलच्या अर्जातला मजकूर

विलासचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये नववीच्या वह्या तपासत बसले होते. विलास हा मंगलचा धाकटा भाऊ, डोलवीच्या कंपनीत शिफ्टवर असतो. उगाच फोन करायचा त्याचा स्वभाव नाही, त्यामुळे स्क्रीनवर नाव बघितलं तेव्हाच हातातलं पेन खाली ठेवलं. "ताई, मंगल गेली... सकाळी चहा मागितला आन् गेली," एवढं बोलून तो थांबला. मी "बरं" म्हणाले. त्यात बरं काय होतं? पण तोंडातून तेच आलं, आणि मग उरलेल्या चार वह्याही मी तपासून टाकल्या. त्यात एका मुलीचं बरोबर उत्तर चूक ठरवलं. ते दुसऱ्या दिवशी तिनेच मला दाखवून दिलं. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला.

रोह्याच्या आसपासच्या कातकरी वाड्यांमध्ये तिला सगळे मंगलताई म्हणत. माझ्यासाठी ती कॉलेजातली मंगल, खांब फाट्याच्या आतल्या एका गावातून एसटीने येणारी, डब्यात तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं आणणारी. मी रोह्यातच राहायचे, चालत कॉलेजला जायचे आणि तिच्या डब्यातलं अर्धं बिरडं हक्काने खायचे. त्या बदल्यात मी तिला माझ्या नोट्स देत असे. नोट्स देताना चार उपदेशही देत असे, कारण मला तेव्हापासूनच शिकवायची खोड आहे. ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी स्वतःला पटेल तेच करायची. तीन वर्षं आमचं असं छान चाललं होतं.

बीएच्या शेवटच्या वर्षी मी फर्स्ट क्लासात पास झाले आणि मंगल नापास झाली. अर्थशास्त्राचे दोन पेपर राहिले. तिच्या घराण्यात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच, त्यामुळे गावभर बोभाटा झाला. जो तो कारणं शोधायला लागला. वडील म्हणाले एसटीच्या प्रवासाने पोर थकत होती, मावशी म्हणाली कोणाची तरी नजर लागली, आणि मी पेपर तपासणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. मंगल एकटी तेवढी कारण सांगत नव्हती. कोणी विचारलं की सरळ म्हणायची, "मला वर्षभर त्यातलं काय कळलंच नाय गो, आन् विचारायची लाज वाटली." असं उत्तर दिलं की विचारणाराच ओशाळा होई. मला मात्र तिचा राग यायचा. एवढं उघडं कशाला बोलायचं, असं वाटायचं.

पुढच्या वर्षात तिने एक पेपर ऑक्टोबरला आणि दुसरा मार्चला सोडवला. मधल्या काळात घरी बसायला नको म्हणून ती एका संस्थेच्या बालवाडीत कातकरी वाडीवर शिकवायला जाऊ लागली. दिवाळीपर्यंत तिच्याकडे बावीस पोरं होती. दिवाळी झाली तशी घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर गेली आणि पोरंही आईबापांबरोबर गेली. उरली सहा. हे दर वर्षी होतं आणि कोणालाच त्याचं काही वाटत नाही, याचं तिला फार वाटलं. ती मला म्हणायची, पोरं हजेरीपटावर आहेत आणि वाडीत नाहीत, मग मी कोणाला शिकवते आहे? त्या संस्थेतल्या एका वयस्कर ताईंनी तिला सांगितलं की हे नीट शिकायचं असेल तर समाजकार्याची पदव्युत्तर पदवी असते, मुंबईला कॉलेज आहे, अर्ज कर. मंगलने तो सल्ला मनावर घेतला. तिला दुसरं काही इतकं हवं असलेलं मी कधी पाहिलं नाही.

तोवर माझं लग्न होऊन मी पेणला आले होते आणि इथल्या शाळेत नुकतीच लागले होते. मंगल पोस्टाने मागवलेला अर्ज घेऊन माझ्या घरी आली. अर्जात एक रकाना होता: पदवीच्या काळात अनुत्तीर्ण झाला असल्यास कारण लिहा. तिने तिचं नेहमीचं कारण सांगितलं. मी म्हटलं, वेडी आहेस का? मुंबईची शिकलेली माणसं ती, असं लिहिलंस तर पहिल्या झटक्यात बाजूला काढतील. माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मीच भरत होते. मी लिहून टाकलं की आईच्या दीर्घ आजारपणामुळे घरची सर्व जबाबदारी माझ्यावर आली आणि अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले. वर दोन वाक्यं अशी घातली की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. मंगल म्हणाली, "आय तर धडधाकट हाय गो." मी म्हटलं, सगळे असंच लिहितात, तू सही कर. ती बराच वेळ पेन हातात धरून बसली... आणि तिने सही केली. माझा मान राखला, दुसरं काय.

मुलाखतीला बोलावणं आलं. मंगल त्याआधी मुंबईला कधी एकटी गेली नव्हती आणि आमच्याकडे तेव्हा पोरीला असं एकटं पाठवतही नसत. वडिलांना भातलावणीच्या तयारीतून सवड नव्हती. तेव्हा सोबतीला कोण गेलं असेल? आई. आजारी म्हणून जिला मी अर्जात अंथरुणाला खिळवलं होतं, तीच बाई पाच भाकऱ्या आणि वालाची पुरचुंडी घेऊन मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. माझ्या हे ध्यानात आलं नाही, आणि मंगलच्याही नाही. आत तिघं जण होते. त्यांतल्या एका बाईंनी फार मायेने विचारलं की आईची तब्येत आता कशी आहे. मंगलला खोटं बोलता येत नव्हतंच. ती म्हणाली, बाहेर बसली आहे. त्या बाईंना वाटलं, आजारी बाईला बाकावर कुठे ताटकळत ठेवायचं, म्हणून त्यांनी शिपायाला पाठवून तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आजाराची चौकशी केली. मंगलच्या आईने तिघांकडे पाहिलं आणि सांगितलं, "मला काय धाड भरलीय? आजारी पडायला येळ कोनाला हाय?"

पुढे फारसं काही झालं नाही. कोणी रागावलं नाही. त्यांनी फक्त विचारलं की अर्ज कोणी लिहिला आहे, कारण सही वेगळी दिसते आणि अक्षर वेगळं. मंगलने नाव सांगितलं नाही. यादीत तिचं नाव लागलं नाही. हे सगळं तिने मला पेणच्या एसटी स्टँडवर उभ्या उभ्या सांगितलं, मुळीच न चिडता. आणि मी काय करावं? मी तिच्यावरच चढले. आईला कशाला घेऊन गेलीस, घेऊन गेलीस तर आत कशाला येऊ दिलंस, असं वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, "तुझी चूक नाय गो सुधा, सही माझी हाय," आणि खांबकडे जाणाऱ्या गाडीत चढली. मी तिची माफी मागितली नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज मागवला. मला कळलं तेव्हा मी मदतीला जाते म्हणाले, तर तिने शांतपणे सांगितलं की या वेळी मीच लिहिणार आणि तू वाचायचं पण नाही. ते मला लागलं. तिला प्रवेश मिळाला, तेव्हा मी पेढे वाटले, पण मनात एक किडा वळवळत राहिला. गेल्या वर्षीच्या खोट्याबद्दल तिला काहीतरी लिहावंच लागलं असणार. आणि मंगल खोटं लिहिणार नाही, म्हणजे माझं नाव लिहिलं असणार. पेणच्या अमुक शाळेतल्या शिक्षिकेने हे लिहून दिलं, असं. मी शाळेत नवी होते, नोकरी अजून कायम झाली नव्हती. वर्षभर मला उगाच धाकधूक होती. पुढे काही वर्षांनी त्याच मुलाखतीतल्या बाई, ज्यांचं नाव मी मंगलकडून ऐकलं होतं, आमच्या शाळेत शिक्षकांचं शिबिर घ्यायला आल्या, तेव्हा मी दोन्ही दिवस शेवटच्या रांगेत खांबाआड बसले आणि चहालाही पुढे गेले नाही. त्या मला ओळखत नव्हत्या, कुठून ओळखणार? पण चोराच्या मनात जे असतं ते माझ्या मनात होतं.

शिकून मंगल परत आली आणि रोह्यात एक खोली भाड्याने घेऊन राहिली. लग्न केलं नाही. भट्टीवर गेलेल्या पोरांना तिथल्याच शाळेत बसवायचं, पावसाळ्यात परत आली की गावच्या शाळेत नाव टिकवायचं, हे काम ती वीसहून जास्त वर्षं करत राहिली. दहावीला नापास झालेल्या मुलींना ती आपल्या खोलीत बोलावून पुन्हा परीक्षेचे अर्ज भरायला लावायची. एकदा मी तिथे होते. एक मुलगी अर्ज पुढे करून म्हणाली, ताई तुम्हीच लिहा. मंगलने दोन्ही हात पदराखाली घेतले. म्हणाली, "मी बसते हितं, तू लिव." मुलीने तासभर घेतला, दोनदा खाडाखोड केली, आणि मंगल तेवढा वेळ हलली नाही. मला वाटलं, ही मला दाखवून देते आहे. आज वाटतं, तिच्या ते मनातही नसावं.

आमची मैत्री तुटली नाही. गणपतीला ती पेणला यायची, मी कधीमधी रोह्याला जायचे. पण त्या अर्जाचा विषय आम्ही दोघींनीही कधी काढला नाही. तिच्या पोटात गाठ निघाली हे तिने मला तीन महिने सांगितलंच नाही. शेवटची भेटले तेव्हा ती खूप वाळली होती आणि मीच आजारी असल्यासारखी माझी विचारपूस करत होती. निघताना मी म्हणणार होते की मंगल, त्या वेळचं ते... पण विलास रिक्षा घेऊन आला आणि मी बाहेर पडले. खरं सांगायचं तर रिक्षा आली म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.

दहाव्याला गेले. मंगलची आई ओसरीवर बसली होती. ऐंशीच्या पुढची आहे, पाठीत वाकली आहे, बाकी ठणठणीत. मला जवळ बसवून घेतलं आणि माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "माझ्या नावानं आजार लिवलावतास ना गो तू... तो माझ्याकडं आलाच नाय. तिच्याकडं गेला." त्यात दोष देणं नव्हतं, टोमणाही नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि ती ते तिथे बसलेल्या मला सांगत होती, कारण मंगल गेल्यावर ती गोष्ट जाणणाऱ्या आम्ही दोघीच उरलो होतो. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. इतक्या वर्षांत त्या अर्जासाठी मी पहिल्यांदा रडले.

गेल्या रविवारी विलासने मला रोह्याच्या खोलीवर बोलावलं. खोली रिकामी करायची होती आणि कागदांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. एक खाट, एक स्टोव्ह, भिंतीला लागून मुलींसाठी गुंडाळून ठेवलेल्या चटया, आणि मांडणीवर दोरीने बांधलेल्या फायली. बहुतेक वाड्यांच्या याद्या होत्या. तळाच्या फायलीत तिचे स्वतःचे कागद निघाले, आणि त्यांत दुसऱ्या वर्षीच्या अर्जाचा कच्चा खर्डा. तिचं ते तिरकं, एकमेकांवर रेलणारं अक्षर. मी खाटेवर बसले आणि वाचायला लागले.

नापास होण्याचं कारण तिने तेच लिहिलं होतं, जे ती सगळ्यांना तोंडावर सांगायची. वर्षभर समजलं नाही, विचारायची लाज वाटली, आता वाडीतल्या मुलांनी मला विचारलं नाही की त्यांना कळलेलं नाही हे मी समजून घेते. मग खाली एक ओळ होती, "माझी मैत्रीण सुधा हिने" अशी सुरू झालेली आणि तिथेच काट मारलेली. त्याखाली पुन्हा "मैत्रिणीने", आणि त्यावरही काट. तिसऱ्यांदा मात्र तिने न थांबता लिहिलं होतं: "मागील वर्षीच्या अर्जात आईच्या आजाराचे कारण दिले होते, ते खोटे होते. मजकूर माझाच होता. अक्षर चांगले म्हणून मैत्रिणीकडून फक्त उतरवून घेतला. तिचा यात काही दोष नाही."

मी ते किती वेळा वाचलं मला सांगता येणार नाही. विलासने चहा आणून ठेवला होता तो गार झाला. त्याने विचारलं, ताई, काय कामाचं हाय का त्यात? मी हो म्हटलं आणि तो एक कागद मागून घेतला. अख्ख्या अर्जात तेवढंच खोटं आहे, आणि मंगलने आयुष्यात लिहिलेलं दुसरं कुठलं खोटं मला माहीत नाही. प्रवेश पुन्हा हातचा जाऊ शकत होता, तरी तिने ते लिहिलं. ज्यांनी तो अर्ज वाचला त्यांतलं आज कोणी आहे की नाही, ठाऊक नाही. पण तो कॉलेजच्या दप्तरात कुठेतरी असेल आणि त्यात अजून तसंच लिहिलेलं असेल. म्हणून इथे लिहिते: आईच्या आजाराचा तो मजकूर माझा होता. मंगलने फक्त सही केली होती.